रॅमला जोडीदार

नोव्हेंबर सोडला तर मला आता कोणी साहेब म्हणत नाही. पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्या दिवशी खात्याने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन माझं साहेबपण परत घेतलं. घरी तर ते कधी मंजूरच झालं नव्हतं. पण नोव्हेंबरात पेन्शनर लोकांना आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. एरवी माणूस जिवंत आहे हे नुसतं बघून समजतं. सरकारला बोटाचा ठसा लागतो. माझ्याकडे ठसा घेणारं यंत्र आहे, एक जुना डेस्कटॉप आहे आणि लोकांना बसवून ठेवण्याचा उभ्या नोकरीचा अनुभव आहे. म्हणून दर नोव्हेंबरात आमच्या पुढच्या खोलीत हयातीच्या दाखल्याचं कार्यालय भरतं. लोक शेजारून खुर्च्या आणतात, रत्नप्रभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, चहा टाकते, आणि कोणी "साहेब, माझा नंबर कवा?" असं विचारलं की मी चष्म्यावरून बघून "बसा" म्हणतो. हे ‘बसा’ म्हणायला मिळावं म्हणून मी बाकीचं वर्ष काढतो, असं रत्नप्रभेचं मत आहे. ते खोटं नाही.

गेल्या वर्षी मात्र आमच्या संगणकाने मान टाकली. ठसा दिला की पडद्यावर एक गोल फिरायला लागायचा आणि फिरतच राहायचा. कधी कधी फिरता फिरता सगळंच गोठायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. लोहाऱ्याहून येणाऱ्या सुखीबाईंचं बोट तर इतक्या वेळा दाबलं की, "भाऊ, बोट राह्यलं तं पुढच्या साली देईन," असं म्हणून त्या घरी गेल्या.

यंदा दसऱ्याच्या आधी हरिसिंग राठोड आले. हे आमचे शेजारी. एसटीत कंडक्टर होते, आर्णीकडे तांड्यावर शेती आहे, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांच्याकडे तिकीट फाडून तयार असतं. कुंपणावरून म्हणाले, "वामनभाऊ, वाईट नोका वाटून घेऊ. लोकं यंदा बसस्टँडजवळच्या सेंटरवर जातो म्हनून राह्यले. तुमची मशीन हागरी झाली, जागची हालत नाई म्हनते."

मला फार लागलं. म्हणजे वरून मी हसलो, पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. माणसाचं कार्यालय एकदा जातं ते नियमाने. ते दुसऱ्यांदा का जावं?

मी पुण्याला मुलाला फोन केला. अनिकेत संगणकातला माणूस आहे. तो म्हणाला, "बाबा, तो डबा भंगारात द्या. मी तुम्हाला टॅब पाठवतो. मोठ्या अक्षरांचा असतो, सीनियर सिटिझनसाठी."

मोठ्या अक्षरांचा! ज्या माणसाने धरणांच्या नस्त्यांवर बारीक अक्षरात शेरे मारले, त्याला मोठ्या अक्षरांचा टॅब. मी म्हणालो, "दुरुस्तीचा मार्ग सांग. निर्लेखनाचा नको."

मग त्याने समजावलं. संगणकाच्या पोटात रॅम नावाची एक पट्टी असते. काम चालू असताना लागणारं सगळं ती हाताशी धरते. आमच्या संगणकात पट्टीसाठी दोन खाचा आहेत, त्यातली एक रिकामी. त्या खाचेत पहिल्यासारखीच दुसरी पट्टी बसवली तर दोघी मिळून दोन वाटांनी काम करतात, याला ड्युअल चॅनेल म्हणतात. "पण बाबा, जोडी जुळली पाहिजे," तो म्हणाला. "जात तीच, क्षमता तीच, वेग तोच. शक्यतो कंपनीही तीच."

"आलं लक्षात," मी म्हणालो. आमच्या घराण्यात लग्नं जमवताना याहून जास्त अटी पाहिलेल्या आहेत.

मी तडक मंदारच्या दुकानात गेलो. मंदार हा आमच्या चौकातला संगणकवाला. चांगला मुलगा, फक्त एका वेळी तीन गिऱ्हाइकांशी आणि दोन मोबाइलवर बोलतो. मी म्हणालो, "चार जीबीची एक रॅम दे." त्याने दिली. भाजीवाल्याकडे ‘अर्धा किलो द्या’ म्हटल्यावर तो कशाचे असं विचारतो. मंदारने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरी येऊन पट्टी खाचेत घालायला गेलो तर बसेना. बेताने दाबली. जरा कमी बेताने दाबली. मग अनिकेतला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बाबा, ही जुन्या पिढीची आहे, डीडीआर थ्री. तुमची फोर आहे. जोर लावू नका!!!" त्या तीन उद्गारचिन्हांची गरज नव्हती. मंदारने पट्टी बदलून दिली, पण "काका, पहिले विचारत जा," असं चार लोकांत म्हणाला.

नवी पट्टी घरी आली तो दसऱ्याचा दिवस. आता साडेतीन मुहूर्तांपैकी एक पुरा मुहूर्त दारात आल्यावर वस्तू तशीच कशी वापरायची? रत्नप्रभेने पाट मांडला. पाटावर माझी स्कूटर मावत नाही म्हणून तिची किल्ली, शिलाई मशीनची कात्री, विळी आणि मधोमध रॅम. पूजा चालू असताना मी माहिती पुरवत होतो. माझा तो स्वभाव आहे. मी म्हणालो, "ही खालची पिवळी ओळ दिसते ना, तो सोन्याचा मुलामा आहे. सगळा कारभार तिथून चालतो."

सोनं म्हटल्यावर रत्नप्रभेने हात जोडले आणि बरोबर त्या ओळीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळद आणि कुंकू लावलं. ओलं. वर अक्षता टाकल्या आणि आपट्याचं पान ठेवलं. कापूर झाला, खोबऱ्याचा तुकडा मिळाला, आणि मी ती पट्टी जशीच्या तशी उचलून रिकाम्या खाचेत बसवली. अक्षता झटकल्या, एवढी शास्त्रीय दृष्टी माझ्यात होती.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या आलं नाही. स्कूटरला दरवर्षी हळदकुंकू लागतं, फ्रिजला लागतं, हरिसिंगांच्या ट्रॅक्टरला तर बोनेटभर लागतं. यातल्या कोणीही त्यावरून काम बंद ठेवलेलं नाही.

बटण दाबलं. पडदा काळा, आणि पोटातून आवाज, टूं, टूं, टूं. थांबायचा आणि पुन्हा टूं, टूं, टूं. नवी पट्टी काढली की जुनी बिचारी निमूट चालायची. नवी घातली की टूं टूं सुरू.

आवाज ऐकून हरिसिंग कुंपण ओलांडून आले. त्यांनी दोन्ही पट्ट्या हातावर घेऊन तोलल्या. म्हणाले, "भाऊ, जोडी जमून नाई राह्यली. ही पाहा, जुनी हिरवी हाये अन् नवी काळी. मी जन्मभर बैलं घेतले. एक उंच अन् एक बुटका जुपला तं उंचाच्या मानेले गालू येते, मान सुजते, अन् बुटका बसते. थे टूं टूं कायचं हाये? कन्हून राह्यलं थे."

हे ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं की मी लगेच मान्य केलं. अनिकेतही म्हणालाच होता की शक्यतो कंपनी एक असावी. पट्टी परत करायला मी मंदारकडे गेलो. त्याने ती उजेडात धरली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "काका, हे काय लागलंय?"

"दसरा होता," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याचे दोन्ही मोबाइल वाजले. एकावर ‘हो’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ म्हणून झाल्यावर त्याने मला सांगितलं की डागाचा माल दुकान परत घेत नाही, कंपनीला लिहा. कंपनीला मी लिहिलं. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये, सगळं रीतसर. सोबत फोटो. कंपनीने कळवलं की वस्तूवर पिवळ्या व लाल रंगाचा बाह्य पदार्थ आढळल्याने हमी लागू होत नाही. सौभाग्यलेण्याला ‘बाह्य पदार्थ’ म्हणणारी माणसं या देशात धंदा करतात, याचं मला नवल वाटलं. ते पत्र मी रत्नप्रभेला दाखवलं नाही.

आता जुन्या पट्टीची तंतोतंत जुळी शोधायची. हरिसिंग म्हणाले, त्यांचा पुतण्या इंद्रजीत आर्णीला आहे, त्याच्याकडे मोबाइल, संगणक, सगळ्याचं जुनं सामान असतं. आम्ही त्यांच्या मोटारसायकलवर आर्णीला गेलो. रस्ताभर कापसाच्या गाड्या होत्या आणि रस्ताभर हरिसिंग मला जोडीचं शास्त्र सांगत होते. रंग बघावा, शिंगं बघावीत, चाल बघावी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याचे डोळे बघावेत. इंद्रजीतच्या दुकानात पोचल्यावर काका-पुतण्या गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, बोलले. मला त्यातले ‘वामनभाऊ’ आणि ‘डबडा’ हे दोनच शब्द कळले आणि ते एकाच वाक्यात होते.

इंद्रजीतने एक खोकं पालथं केलं. ढीगभर पट्ट्या. हरिसिंग खाली बसले आणि बैलबाजारात बसल्यासारखे एकेक निवडू लागले. ही नको, हिचा कान फाटला आहे. ही नको, हिच्यावर डाग आहे. शेवटी एक निघाली. हिरवी, तीच कंपनी, तेच लेबल, अक्षरन् अक्षर तेच. इंद्रजीतने ती दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवली. चालली. हरिसिंगांनी इंद्रजीतच्या डोळ्यांत बघून घेतलं आणि व्यवहार पक्का झाला. मला इतका आनंद झाला की परतीच्या वाटेवर मी त्यांना कचोरी खाऊ घातली.

घरी रत्नप्रभा दारातच उभी होती. मी म्हणालो, "आता पूजा वगैरे नको, झाली आहे एकदा."

"त्या काळीची झाली," ती म्हणाली. "हिने काय पाप केलं? इतक्या दुरून आली आहे बिचारी. अन् जोडी आहे म्हणता ना? मग कोरी कशी बसवाल तिला शेजारी?"

बोलता बोलता हळदकुंकू झालं होतं. पुन्हा सोन्याच्या ओळीवर, कारण मागच्या वेळी मीच पत्ता दिला होता. मी पट्टी बसवली. बटण दाबलं.

टूं, टूं, टूं.

हरिसिंगांनी डब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मंग बैल नाई, भाऊ. वखरच खराब हाये."

वखर म्हणजे अख्खा संगणक. तो चादरीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन मी मंदारकडे निघालो. रत्नप्रभा सोबत आली, कारण तिला आता माझ्या एकट्याच्या व्यवहारांवर विश्वास उरला नव्हता. मंदारने झाकण काढलं, पट्टी ओढली, आणि या खेपेला एकही मोबाइल वाजत नसल्यामुळे ती नीट पाहिली. मग तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. दुकानातली गिऱ्हाइकंही कारण न कळता हसली.

"काका, वीज जायची जागा आहे ही! हळदीतून कशी जाईल?" त्याने खणातून शाळेतलं खोडरबर काढलं. "आता घासतो, एका मिनिटात होते."

"थांब," रत्नप्रभा म्हणाली.

सगळे थांबले.

"कुंकू पुसायचं नाही."

"काकू, रॅम आहे ती."

"असेल. जोडीतली आहे. जोडीतल्या एकीचं कुंकू पुसलेलं मला चालणार नाही. अन् तेही खोडरबरने!"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दुकानात एक पोक्त बाई हेडफोन घ्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बरोबर आहे ताईचं." झालं. दुकानात पक्ष पडले. एक जण म्हणाला, गोमूत्राने धुवा. दुसरा म्हणाला, तेही ओलंच असतं. मंदार म्हणाला, मग जोडी अशीच घरी न्या आणि देव्हाऱ्यात ठेवा.

नोव्हेंबर उंबरठ्यावर होता. माझ्या डोळ्यांपुढे बसस्टँडजवळच्या सेंटरवरची रांग आली, आणि माझ्या आतला अधीक्षक जागा झाला. मी रत्नप्रभेला बाजूला घेऊन विचारलं, "कुंकू कुठे लावतात?"

"कपाळाला."

"ही ओळ खाली खाचेत जाते. म्हणजे हे हिचे पाय. तू कुंकू पायाला लावलंस. चूक तुझी नाही, माझ्या चुकीच्या माहितीमुळे झालं. आपण ते पुसत नाही. त्याची फक्त मूळ जागी बदली करतो. खालून वर. सेवा अखंड."

रत्नप्रभेने विचार केला. सरकारी माणसाशी संसार केलेल्या बाईला बदली आणि बडतर्फी यातला फरक कळतो. ती म्हणाली, "आधी वर लावा. मग खालचं काढा. मधे एक क्षणसुद्धा कोरी ठेवायची नाही."

तसंच झालं. मंदारने तिच्या पर्समधल्या डबीतलं कुंकू घेऊन पट्टीच्या माथ्यावर लेबलच्या कोपऱ्याला बोट टेकवलं, मग खालची ओळ खोडरबरने घासली. खाचेत फुंकर मारली तेव्हा दसऱ्याची एक अक्षताही बाहेर आली. पट्टी बसवली. बटण दाबलं. एकही टूं नाही. पडद्यावर अक्षरं आली आणि त्यात ‘ड्युअल चॅनेल’ असं स्पष्ट दिसलं. मी ते तीनदा वाचलं. हेडफोनवाल्या बाईंनी टाळी वाजवली.

काय सांगू, संगणक असा धावायला लागला की मीच दचकत होतो. बोट लावायचा अवकाश, काम तयार. मी खोली झाडून घेतली, खुर्च्या मांडल्या, आणि एक नोव्हेंबरला इस्त्रीचा शर्ट घालून बसलो.

पहिला मान हरिसिंगांचा. त्यांनी ठसा दिला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं?"

"दाखला."

ते पडद्याकडे बघत राहिले. "असं कसं झालं, भाऊ? मी तं आत्ताच बसलो."

"जोडीचा प्रताप! तुम्हीच निवडून आणलेली."

पण ते खूश दिसेनात. चहाला अजून उकळीही आली नव्हती. थोडा वेळ खुर्चीवर अवघडून बसले आणि "बरं, येतो," म्हणून उठले. त्यांच्यामागून मागच्या गल्लीतल्या धनीबाई आल्या. ठसा, खूण, झालं. धनीबाईंनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "भाऊ, सरकारचं काम असं होते का कुठं? तुमी नीट पाह्यलं नाई." मी हिरवी खूण दाखवली. त्या म्हणाल्या, "हिरवं तं सिग्नलही असते."

संध्याकाळी बातमी लागली की धनीबाई इथून उठून थेट सेंटरवर गेल्या, तिथे दुपारभर रांगेत बसल्या आणि पक्का दाखला घेऊन समाधानाने घरी आल्या. रात्रीपर्यंत कॉलनीत सगळ्यांना माहीत झालं की वामनभाऊच्या मशीनवर दाखला निघतो खरा, पण तो कच्चा असतो. एवढ्या लवकर कोणी सरकारसाठी जिवंत ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत मी इस्त्रीच्या शर्टात बसून राहिलो. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. सावकाश चालत होतो तेव्हा लोक नावं ठेवत होते, पण निदान समोर बसून ठेवत होते. चहा पीत, तुरीचे भाव, जावयाची बदली, गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्या फिरणाऱ्या गोलाच्या आधाराने चाललं होतं. तो गोल मीच खटपट करून बंद पाडला.

शेवटी मी पेचकस घेतला. एक पट्टी काढावी, प्रश्न मिटेल. रत्नप्रभेने मला झाकण उघडताना पाहिलं.

"जोडी फोडायची नाही," ती म्हणाली.

मी पेचकस ठेवून दिला.

त्याच दुपारी लोहाऱ्याहून सुखीबाई आल्या. कॉलनीतल्या अफवा लोहाऱ्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. ऑटोतून उतरून, दारच्या पायऱ्या चढून त्या दमल्या होत्या. खुर्चीत टेकल्या, पदराने तोंड पुसलं आणि बोट पुढे केलं. "घ्या साहेब. मी जिती हाओ का नाई, पाहा बरं."

साहेब!

मी पडदा हळूच माझ्याकडे वळवला, इतका की पलीकडून नुसती पाठ दिसावी. त्यांचं बोट यंत्रावर टेकवलं. हिरवी खूण लगेच उमटली. सुखीबाई सरकारदरबारी आणखी वर्षभर जिवंत झाल्या.

"झालं का, भाऊ?"

रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला तिथून पडदा स्पष्ट दिसत होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि मला पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

"छे, इतक्यात कुठलं," मी म्हणालो. "गोल फिरतो आहे अजून. बसा तुम्ही. नातीचं जमलं का कुठे?"

सुखीबाईंनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सांगायला सुरुवात केली.